सायप्रसची वाइन: कमांडारिया, त्रोदोसची गावं आणि कलमाशिवाय वाढलेल्या वेली

दर्यावर्दी

वाइनची चर्चा फ्रान्स-इटलीपासून सुरू होते आणि फार तर न्यूझीलंडपर्यंत पोचते. सायप्रसचं नाव सहसा कुणी घेत नाही. नोकरीमुळे मी लिमासोलला राहतो. जहाजांचं व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपन्यांचं हे मोठं ठाणं, त्यामुळे बोटीवर काम केलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना हे शहर ठाऊक असेल. पण शहराच्या पाठीशी जो डोंगर उभा आहे तिथं जाणारे थोडे. मी सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊ लागलो, बागायतदारांशी बोलू लागलो, आणि हा विषय मनात पक्का बसला.

माझं म्हणणं आधीच मांडतो. या बेटाची खरी दौलत म्हणजे इथल्या स्वतःच्या द्राक्षजाती आणि त्या लावणारी डोंगरातली गावं. विसाव्या शतकात भरपूर आणि स्वस्त माल विकायच्या नादात ही दौलत जवळजवळ हातची गेली होती. ती परत मिळवायचं काम गेल्या तीस-चाळीस वर्षांत झालं आणि अजून चालू आहे.

इतिहास किती जुना? लिमासोलजवळ एरिमी नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची पुढे रासायनिक तपासणी झाली आणि त्यात टार्टारिक आम्ल, म्हणजे द्राक्षाची खूण, मिळाली. ही भांडी साधारण ५५०० वर्षांपूर्वीची मानली जातात.

रोमन काळातला पुरावा तर डोळ्यांनी बघता येतो. पाफोस बंदराजवळ १९६२ साली शेत नांगरताना एका मोठ्या रोमन घराची रंगीत दगडी फरशी लागली. त्या घराला आता डायोनिससचं घर म्हणतात. एका लांबट चित्रात डावीकडे वाइनचा देव डायोनिसस अप्सरेसोबत बसला आहे. मध्ये इकारिओस, म्हणजे देवाने ज्याला वाइन करायला शिकवलं तो माणूस, बैलगाडी घेऊन उभा आहे आणि गाडीत कातड्याच्या पखाली रचल्या आहेत. उजवीकडे दोन मेंढपाळ पिऊन लवंडले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ग्रीकमध्ये लिहिलं आहे: ‘पहिले वाइन पिणारे’. पुढची कथा वाईट आहे. त्या मेंढपाळांना वाटलं आपल्याला विष दिलं, आणि इकारिओसचा जीव गेला. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो होतो. पखालींच्या घड्या, बैलांचे डोळे, सगळं बारीक दगडांतून उमटलं आहे.

आता भूगोल. किनाऱ्यावर उन्हाळा इतका कडक की चांगली वाइन व्हायला अवघड. सगळी किमया त्रोदोस पर्वताची. सर्वोच्च शिखर १९५२ मीटर, आणि बहुतेक नावाजलेल्या बागा त्याच्या दक्षिण आणि पश्चिम उतारांवर. लिमासोलच्या वरच्या अंगाला क्रासोखोरिया, म्हणजे ओमोदोस, आर्सोस, वासा, किलानी, वुनी, लोफू ही गावं. जमीन चुनखडीची, पांढरट. त्याच्या पूर्वेला पित्सिलिया, तिथे जमीन अग्निजन्य खडकांची आणि उंची जास्त; किपेरुंदा गावच्या काही बागा १४०० मीटरच्या आसपास आहेत, युरोपातल्या सर्वात उंच बागांमध्ये त्या मोडतात. पाफोसच्या बाजूला वुनी पानायिया-आम्बेलितिस आणि लाओना आकामा. आणि पाचवा, सगळ्यात प्रसिद्ध प्रदेश कमांडारिया या गोड वाइनचा. त्याबद्दल पुढे लिहितोच, आधी प्रश्न येऊ द्या.

निफाडकर

उत्तम धागा, दादा. आमच्या घरची द्राक्षबाग आहे म्हणून थेट बागेतलं विचारतो. तिकडे खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम करतात ती वेल, कोणता वापरतात? आमच्याकडे डॉगरिजवर कलम केल्याशिवाय कुणी बाग लावत नाही. पाणी कमी आणि जमिनीत क्षार, दोन्हीला तो तगतो. छाटण्या किती? आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. आणि मांडव करतात की नुसती तार?

दर्यावर्दी

निफाडकर, याच प्रश्नाची वाट बघत होतो.

खुंट वापरतच नाहीत म्हटलं तरी चालेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तेव्हापासून तिकडे अमेरिकी खुंटावर कलम करणं भाग पडलं. सायप्रसमध्ये ही कीड आलीच नाही. चहूबाजूंनी समुद्र, आणि बाहेरून रोपं आणण्यावर कडक बंदी. त्यामुळे इथल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. जुन्या बागांमध्ये खोडं मांडीएवढी जाड, पिळवटलेली, जमिनीपासून गुडघाभर उंच.

छाटणी एकच, हिवाळ्यात. इथे थंडीत वेल पूर्ण झोपते, पानं गळतात. आपल्याकडे ती झोपतच नाही म्हणून आपण दोनदा छाटून तिचं वर्ष ठरवतो. जुन्या बागांना मांडव नाही, तारही नाही. झुडपासारखी वाढवतात, मधला भाग मोकळा ठेवून. नव्या बागांमध्ये तारेवर चढवतात. ठिबक नव्या बागांत दिसतं, पण डोंगरातल्या जुन्या बागा पूर्ण पावसावर. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून डावणी या बुरशीरोगाचा त्रास आपल्यापेक्षा खूप कमी. भुरी या दुसऱ्या बुरशीवर मात्र गंधक मारावं लागतं.

जाती सांगतो. पांढऱ्यात झिनिस्तेरी. हलकी, लिंबाच्या अंगाची, लवकर प्यायची वाइन होते. काळ्यात माव्रो, जिने एकेकाळी बेटावरच्या बहुतेक द्राक्षबागा व्यापल्या होत्या. मणी मोठा, रस भरपूर, रंग आणि अंग कमी. उत्पन्न चांगलं म्हणून लोकांनी लावली. आणि मग माराथेफ्तिको. गडद रंग, जांभळ्या फुलांचा वास, तोंडाला धरणारा तुरटपणा. माझ्या मते सायप्रसची सगळ्यात मोठी लाल जात हीच.

सावळजची लेक

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. कमांडारिया म्हणजे उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची वाइन असं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे बेदाण्यापासूनच करतात का? आमच्याकडे मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर टाकतात. सावली हवी, वारा हवा, ऊन थेट लागलं तर रंग काळवंडतो आणि भाव पडतो.

दर्यावर्दी

ताई, बेदाणा व्हायच्या आधीच थांबतात. आणि रंग काळवंडला तरी इथे चालतो, किंबहुना तोच हवा असतो.

कमांडारिया फक्त १४ गावांच्या हद्दीतल्या द्राक्षांपासून करता येते. लिमासोलच्या उत्तरेला, साधारण ५०० ते ९०० मीटरच्या पट्ट्यात: झूपिगी, कालो खोरियो, आयिओस मामास, लानिया, सिलिकू, दोरोस, मोनाग्री आणि शेजारची गावं. द्राक्षं दोनच, माव्रो आणि झिनिस्तेरी. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वेलीवरच पिकू देतात. मग घड तोडून उतारावर मोकळ्या जागेत पसरतात. साधारण आठवडा ते दहा दिवस. मी कालो खोरियोच्या वरच्या अंगाला हे पाहिलं. माव्रोचे घड लांब रांगेत, मणी सुरकुतलेले, काही अजून फुगीर. हाताला चिकट लागतात. गांधीलमाश्या घोंघावत असतात. एक आजोबा पालथ्या बाजूचे घड एकेक करून उलटत होते, आणि सायंकाळी दव पडायच्या आत कापडाने झाकत होते.

वाळल्यावर लिटरभर रसात जवळपास ४०० ग्रॅम साखर असते. एवढ्या साखरेत यीस्टला काम करणं जड जातं. आंबण्याची क्रिया महिनोन्‌महिने रेंगाळते आणि १५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालं की आपोआप थांबते. उरलेली साखर वाइनमध्ये राहते. नियमात मुभा आहे म्हणून काही उत्पादक नंतर थोडं स्पिरिट घालतात, पण ते सक्तीचं नाही. मग ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं. रंग जुन्या गुळाच्या काकवीसारखा, वास मनुका, अंजीर, कॉफी, थोडं जायफळ. जेवणानंतर छोट्या पेल्यात घेतात. इथल्या चर्चमध्ये प्रसादाला हीच वाइन वापरली जाते.

पूर्वी पिंपांऐवजी जमिनीत अर्धवट पुरलेले मोठे रांजण असायचे. जुना रांजण पूर्ण रिकामा कधी करत नसत. थोडी वाइन काढली की नवी त्यात ओतायची, म्हणजे तळाशी कितीतरी वर्षांची वाइन असायची. लानियासारख्या गावात हे रांजण आता अंगणात फुलझाडं लावायला ठेवलेले दिसतात. काही छोटे उत्पादक पुन्हा मातीच्या भांड्यात वाइन करू लागले आहेत.

बखरवाचक

इतिहासाची बाजू थोडी भरतो.

११९१ च्या मे महिन्यात तिसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावर, निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड सायप्रसला आला, बेट जिंकलं, आणि लिमासोलला नवाराच्या बेरेंगारियाशी लग्न केलं. त्या लग्नात ही वाइन प्याली गेली आणि रिचर्डने तिला ‘राजांची वाइन’ म्हटलं, ही कथा सायप्रसमध्ये सर्वतोमुखी आहे. समकालीन पुरावा म्हणून तिच्यावर भार टाकू नये. लग्नाची घटना मात्र पक्की. रिचर्डने बेट टेंप्लर या लढवय्या धर्मसंघाच्या सरदारांना विकलं, त्यांना ते सांभाळता आलं नाही, आणि ११९२ मध्ये ते गी द लुसिन्याँकडे गेलं. पुढे सेंट जॉनच्या हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या संघाच्या सरदारांनी कोलोसी इथे आपली मोठी कमांडरी, म्हणजे जहागिरीचं ठाणं, वसवली. आजूबाजूच्या द्राक्षबागा आणि ऊसही त्यांच्याच. वाइनचं नाव तिथून आलं. आज दिसतो तो चौकोनी किल्ला पंधराव्या शतकातला, १४५४ चा. लिमासोलपासून जवळ आहे, जाणाऱ्यांनी गच्चीवर जरूर चढावं.

तेराव्या शतकात आंरी द’आंदेली नावाच्या फ्रेंच कवीने राजा फिलिप ऑगस्टसपुढे भरलेल्या वाइनच्या स्पर्धेवर काव्य लिहिलं. त्यात सायप्रसची वाइन वरच्या मानाला पोचते, तिला पोपचं पद मिळतं. युरोपभर तिचा लौकिक होता हे त्यातून दिसतं. १४८९ ते १५७१ बेट व्हेनिसच्या ताब्यात होतं, तेव्हाही निर्यात मोठी होती. मग ऑटोमन आले. सुलतान दुसरा सेलिम याने केवळ वाइनसाठी बेट घेतलं ही गोष्ट पर्यटकांना सांगतात. भूमध्य समुद्राच्या पूर्व कोपऱ्यात, स्वतःच्या राज्याच्या मध्यावर व्हेनिसचं ठाणं असणं ऑटोमनांना परवडण्यासारखं नव्हतं, हे कारण पुरेसं आहे. त्यांच्या राजवटीत वाइन बंद झाली नाही, पण कर जबर बसले आणि दर्जा खालावला.

१८७८ मध्ये ब्रिटिश आले तेव्हाच्या प्रवाशांची तक्रार एकच: वाइनला डांबराचा वास. रांजणांना आतून डांबर लावत, आणि डोंगरातून माल बकऱ्याच्या कातड्यात भरून खेचरांवर खाली येई.

थेम्सकाठ

मी लंडनला बरीच वर्षं आहे. जुन्या शेजाऱ्यांकडून ऐकलं आहे की साठ-सत्तरच्या दशकात नाताळच्या सुमारास घरोघरी सायप्रसची शेरी, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेली वाइन, असायची. स्वस्त आणि गोड. धाग्यात तुम्ही या काळाला जरा कठोर शब्द लावलेत. त्या स्वस्त मालावर डोंगरातल्या किती घरांच्या चुली पेटल्या असतील, मुलं शिकली असतील. शेतकऱ्याने माव्रो लावली कारण माव्रोला गिऱ्हाईक होतं.

दर्यावर्दी

थेम्सकाठ, चुली पेटल्या हे खरं, आणि शेतकऱ्याला दोष द्यायचा मुळीच हेतू नाही. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे जिने द्राक्षाला फक्त वजनाने आणि साखरेने मोजलं.

हे नीट समजण्यासाठी लिमासोलच्या चार मोठ्या कंपन्या माहीत हव्यात. एतको सगळ्यात जुनी, १८४४ ची. केओ १९२७ ची. लोएल १९४३ ची. आणि सोदाप १९४७ ची, द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था. तेव्हा चारही कारखाने खाली शहरात, बंदराजवळ. कारण माल बोटीवर चढवायचा. आता विचार करा: ऑगस्ट-सप्टेंबरचं ऊन, वर हजार मीटरवर तोडलेली द्राक्षं उघड्या ट्रकमध्ये रचायची, वळणावळणाचा घाट उतरायचा आणि कारखान्याच्या दारात रांगेत उभं राहायचं. निफाडकर सांगू शकतील अशा मालाचं काय होतं. खालचे घड दबून फुटतात, रस गळतो, आंबायला तिथेच सुरुवात होते. त्यातून नाजूक पांढरी वाइन निघणं शक्य नाही. मग शेरी, ब्रँडी, द्राक्षरसाचा अर्क आणि टँकरने जाणारी वाइन.

गिऱ्हाईकं मोठी होती, पण मोजकी. ब्रिटन आणि सोव्हिएत संघ. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला, पुढे १९९६ पासून शेरी हे नाव फक्त स्पेनच्या हेरेस भागापुरतं राहिलं. तिकडे सोव्हिएत संघच कोसळला. थोड्या वर्षांत दोन्ही दारं बंद. गावागावात द्राक्षं पडून राहू लागली. २००४ मध्ये सायप्रस युरोपीय संघात आला, त्यानंतर वेली उपटण्यासाठी पैसे मिळू लागले आणि पुष्कळ क्षेत्र गेलं. तरुण शहरात गेले. लोफू-वुनीच्या भोवती फिरताना दगडी बांध घातलेल्या पडीक पायऱ्या दिसतात, त्यांवर आता झुडपं माजली आहेत. ते बांध कुणाच्या तरी आज्या-पणज्यांनी हाताने रचले. त्या स्वस्त शेरीची किंमत मला तिथे दिसते.

सुटका दोन गोष्टींनी झाली. १९८० च्या दशकापासून डोंगरातच, बागेच्या शेजारी छोटे कारखाने काढायला सरकारने उत्तेजन दिलं. आणि जुन्या जातींचा शोध. केओमध्ये असलेले आकिस झांबार्तास जुन्या मिश्र बागा धुंडाळत फिरले आणि नावंही विस्मरणात चाललेल्या जाती त्यांनी शोधून काढल्या. यानूदी, प्रोमारा या त्यांतल्या. आज त्यांच्या वेगळ्या बाटल्या मिळतात. एखाद्या बांधाच्या कडेला उरलेल्या चार वेलींवरून अख्खी जात परत उभी राहणं, ही मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

निफाडकर

ट्रकबद्दल पूर्ण सहमत. वाइनची द्राक्षं पहाटे तोडून ऊन वर यायच्या आत पोचवावी लागतात.

पण मग माराथेफ्तिको एवढी चांगली असून मागे का पडली? आणि कॅबर्नेसारख्या फ्रेंच जाती लावून मोकळं व्हावं असं कुणाला वाटलं नाही का?

दर्यावर्दी

वाटलं ना. कॅबर्ने, शिराझ, शार्दोने भरपूर लावल्या गेल्या आणि शिराझ इथे चांगली येतेही. पण जगाच्या बाजारात सायप्रसच्या कॅबर्नेला कोण शोधत येणार? झिनिस्तेरी मात्र दुसरीकडे फारशी मिळत नाही. शिवाय ती शतकानुशतकं इथल्या कोरड्या उन्हाळ्यात राहिली आहे. पाण्याविना तग धरते.

माराथेफ्तिकोचं दुखणं फुलोऱ्यात आहे. तिचं फूल व्यवहारात मादीच, स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. त्यामुळे एकटी लावली की घड विरळ, अर्धे मणी गळालेले. जुने लोक तिच्या ओळींमध्ये दुसऱ्या जाती मिसळून लावत, विशेषतः स्पूर्तिको, जी त्याच सुमाराला फुलते. कारखान्यांनी वजनावर पैसे द्यायला सुरुवात केल्यावर एवढा खटाटोप कोण करणार? लोकांनी ती काढून माव्रो लावली. आता मुद्दाम मिश्र लागवड करणारे बागायतदार पुन्हा दिसतात. पित्सिलियात याच जातीला वामवाकादा म्हणतात.

पाटावरवंटा

पिण्याचा विषय माझा नाही, पण द्राक्षाच्या रसाचे आणखी काय पदार्थ करतात ते सांगा ना. आमच्या ओळखीत एकांनी तिकडून मेणबत्तीसारखी दिसणारी मिठाई आणली होती.

दर्यावर्दी

ती सुझुकोस. हंगामात गावोगावी करतात. बदाम भिजवून मऊ करतात, सुई-दोऱ्याने ओवून हातभर लांब माळ करतात. मोठ्या कढईत द्राक्षाचा रस आटवतात, मळी काढतात, त्यात पीठ घालून घोटून घोटून दाट करतात. त्या दाट रसात माळ बुडवायची, वर टांगायची, सुकली की पुन्हा बुडवायची. असे थरावर थर देत बोटाएवढी जाड झाली की झाली. कापल्यावर मध्ये बदाम आणि भोवती तपकिरी, चिवट गोडवा. कढईतला तोच रस गरम-गरम वाटीत घेतात तो पालुझे, आपल्या खिरीच्या जातीचा. चोथाही वाया जात नाही, त्यापासून झिवानिया नावाची कडक दारू गाळतात.

बखरवाचक

एक विचारू का? १९७४ मध्ये बेटाची तुर्की उत्तर आणि ग्रीक दक्षिण अशी फाळणी झाली, तिचा या गावांवर काय परिणाम झाला?

दर्यावर्दी

बहुतेक वाइनप्रदेश दक्षिणेकडेच राहिला, म्हणून धंदा तुटला नाही. माणसं तुटली. क्रासोखोरियातलं मालिया हे तुर्की सायप्रियट वस्तीचं गाव, तिथले लोकही पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पिकवत होते. त्यांना उत्तरेला जावं लागलं, तसं उत्तरेतल्या ग्रीक सायप्रियटांना दक्षिणेला यावं लागलं. बागा जिथल्या तिथे राहिल्या. याच मालियाच्या परिसरात २०२५ च्या जुलैत मोठा वणवा पेटला आणि लिमासोलच्या वरची कितीतरी गावं भाजून निघाली. दोघांचा जीव गेला. बऱ्याच बागाही होरपळल्या. पडीक जमिनींवर माजलेल्या झुडपांनी आग पसरायला मदत होते असं इथले बागायतदार सांगतात, आणि नांगरलेल्या, राखलेल्या बागा आगीच्या वाटेत आडव्या येतात. वेली राखायला हे आणखी एक कारण.

सावळजची लेक

आम्ही पुढच्या वर्षी यायचं म्हणतोय. कधी यावं? आणि काय घ्यावं?

दर्यावर्दी

ताई, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात या. कमांडारियाच्या गावांत घड वाळत असतील आणि सुझुकोसच्या कढया चढलेल्या असतील. लिमासोलचा वाइन महोत्सव १९६१ पासून भरतो, तोही साधारण त्याच सुमारास, तारखा आधी बघून घ्या. ओमोदोसला मठाजवळ जुना लाकडी घाणा आहे, लिनोस, तो चुकवू नका. लांबलचक तुळई, टोकाला स्क्रू, शेजारी रांजण. गाडी भाड्याने घ्या, बस कमी आहेत, आणि चालवणाऱ्याने वाइन चाखायची नाही.

बाटल्यांत एक झिनिस्तेरी घ्या, शक्यतो उंचावरच्या गावची आणि ताज्या वर्षाची. एक माराथेफ्तिको किंवा यानूदी. कमांडारिया मोठ्या कंपन्यांची सगळीकडे मिळते, केओची सेंट जॉन प्रसिद्ध आहे. पण गावातल्या छोट्या उत्पादकाची मिळाली तर तीच घ्या, आणि त्याने परवानगी दिली तर वाळत घातलेला एखादा मणी तोंडात टाकून बघा. तुमच्या माहेरच्या बेदाण्याशी चव कशी जुळते ते इथे येऊन लिहा.